स्टूल, नग चार

मे महिना. एमआयडीसीत सकाळी नवालाच
पत्रा तडतडायला लागतो.
चटईच्या कारखान्याच्या गेटवर बॅनर चढलं : आरोग्य सप्ताह.
बॅनरवरची बाई डोळे मिटून हसते आहे,
तिच्यामागे हिरवं काहीतरी,
जळगावचं नसलेलं.

मी टाइम ऑफिसात बसते.
बसते, हे आधीच सांगितलेलं बरं.
पंखा कंपनीचा, खुर्ची कंपनीची, उशी घरची.
माझ्याकडे एकशे बारा कागद आले,
प्रत्येकावर पाच गोल चेहरे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत.
आज तुम्हाला कसं वाटतं? एकावर खूण करा.

एकशे अकरा जणांनी हसऱ्यावर केली.
सुपरवायझर शेजारीच उभे होते.
देवकाबाई सैंदाणेनं कागद उलटा केला,
मागची बाजू कोरी.
म्हणाली, "पायस्ले कसं वाटस, ते कथं लिखू?"

गुरुवारी नाशिकहून योग शिकवणारी मुलगी आली.
गोड होती, प्रत्येकाला नाव विचारत होती.
लूम बंद केले. तरी कुणी हळू बोलेना,
वीस वर्षं ओरडून बोललेले गळे
असे एका बटणानं उतरत नाहीत.
लोडिंगच्या शेडमध्ये चटया अंथरल्या,
आपल्याच, बी ग्रेडच्या,
विकल्या न गेलेल्या.

पाठीवर पडा, म्हणाली. शरीर जमिनीला देऊन टाका.
तिसऱ्या पाळीचा इरफान पिंजारी
दिलं म्हणताच देऊन बसला, घोरायला लागला.
मुलगी कौतुकानं म्हणाली, ही खोल विश्रांती.
देवकाबाईचे डोळे मिटलेले,
पण उजव्या हाताची बोटं चटईवर चालत होती,
निवडताना डाळीवरून चालतात तशी.
थांबली.
"हाई तीन नंबरनी से. पहाटनी.
आठे दोरा सुटेल से."

मुलीला वाटलं, मंत्र आहे काही.

संध्याकाळी मी ती चटई उलटून बघितली.
कोपऱ्याला चिठ्ठी होती अजून : लूम तीन, पाळी तिसरी.
मग गोदामात शिरले. काय शोधतेय ते ठरलेलं नव्हतं.
थप्पीतल्या चटया एकेक उलगडत गेले,
निळ्यावर पिवळे मोर, सगळे सारखे,
आणि पहाटेच्या चिठ्ठ्यांवरचे मोर मात्र
कुणी पिसाऱ्यात फाटलेला,
कुणाची मान सरकलेली,
पाचसहा तर एकाच पायावर उभे,
दुसरा विणायचा राहून गेलेला.
रात्रभर कोण कसं उभं होतं
ते इथं लिहिलेलं होतं. पाठपोट.
माझे चेहऱ्यांचे कागद मी फाइलला लावले.
अहवालात टाइप केलं : सहभाग शंभर टक्के.

सप्ताहाचा पैसा संपला होता,
बॅनर, लिंबूपाणी, गाडीभाडं, नारळ.
म्हणून खरेदीच्या वहीत, लूमचे सुटे भाग या सदराखाली,
बेअरिंग नग सहा, पट्टा नग दोन, त्याच्या खाली
मी लिहिलं : स्टूल, नग चार.
फिरके साहेबांचं पेन त्या ओळीवर अडलं.
"हे कुठं बसतं?"
"तीन नंबरला, साहेब."
साहेबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.
मग सही केली, नेहमीपेक्षा लहान.

शनिवारी स्टुलं आली.
पहिल्या दिवशी देवकाबाईनं त्यावर डबा ठेवला,
कळण्याची भाकर, ठेचा.
दुसऱ्या दिवशी पुसायचं फडकं.
तिसऱ्या दिवशी बसली, कडेकडेनं,
उसनं मागायला आलेली बाई
दुसऱ्याच्या ओट्यावर टेकते तशी.
एक पाय चपलेतून काढला,
दुसऱ्या पायानं त्याला दाबत राहिली.
एवढ्यात मी काचेतून दिसले,
आणि ती उठली.

तेव्हापासून अकराच्या सुमाराला
मी माझी खुर्ची
भिंतीकडे वळवून बसते.