बारा पाकिटं

"गळती कुठंय?" लोहार चाळीतला दुकानदार विचारतो.
एम-सील, बारा पाकिटं.
नळ नाही हो, माणूस करायचाय,
फूटभर उंच. माझगाव डॉकचा वेल्डर.
तो पाकिटं परत मोजतो.

हाडांना ॲल्युमिनियमची तार द्या.
तांब्याची नको, दोनदा वाकवली की अडून बसते.
पोटात चुरगळलेली फॉइल भरेन.
मेण पाहिलं करून:
मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली
बाबांचे गुडघेच बसले.

हत्यारं आहेत. कोरगावकर डॉक्टरांनी
दवाखाना मोडताना दिलेली, दात कोरायची.
नखांसाठी सायकलचा स्पोक घासलाय.

वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला
तर चेहरा करायलाच नको,
हे मी बोलले की नुसतं मनात?

सुतळी बांधता बांधता तो म्हणतो,
"तोंडासाठी दोन जास्तीची ने.
पहिल्या खेपेला जमत नाही."