तेरावा महिना

आमच्या वहीत रकाने बारा,
आमच्या वर्षाला महिने तेरा.
वही छापणारा पगारी असणार,
त्याच्या पाकिटालाही बाराच महिने.
इथे गोज्जामच्या पठारावर
वर्षाच्या शेपटाला पाग्मे लोंबतो, पाच दिवसांचा,
तेव्हा कणगी खरवडली
तर नखाखाली नुसतं शेण-माती येतं.

मी यिर्गालेम, पतसंस्थेची खजिनदार.
पेटीला तीन कुलपं. एक किल्ली माझ्या गळ्यात,
काळ्या दोऱ्यात, क्रूसाच्या शेजारी.
दुसरी देस्सालेनकडे.
तिसरी म्हाताऱ्या आयालनेशकडे,
ती दर सभेला हरवते
आणि दर सभेला पिठाच्या मडक्यात सापडते.

पूर्वीचं सांगते.
तेफचा दाणा खसखशीएवढा,
शिंक आली तरी मूठभर जातो.
हिदारात कापायचा, ताहसासात बैलांच्या पायांखाली मळायचा,
आणि त्याच आठवड्यात विकायचा,
कारण खताची बाकी, पोराची शाळा, सुनेचं बाळंतपण
यांना थांबणं ठाऊक नव्हतं.
व्यापाऱ्याला ठाऊक होतं.
नेहासेत त्याच्याकडून तोच तेफ दुप्पट पैसे मोजून
आम्ही परत आणायचो,
आपल्याच दाण्याला पाहुण्यासारखं घरात घ्यायचो.

गरिबी म्हणजे काही नसणं, असं बाहेरचे धरून चालतात.
आमच्याकडे असायचं.
चुकीच्या महिन्यात असायचं, एवढंच.

अस्नाकेचनं पहिलं कर्ज घेतलं तेव्हा
तिची चार पोती विकायची राहिली.
भिंतीला टेकून उभी राहिली सेनेपर्यंत.
तिचा नवरा बेलेते रात्री उठायचा,
अंधारात चाचपत जायचा,
एकेका पोत्याला हात लावून परत झोपायचा.
भाव चढला, पोती गेली,
तरी कितीतरी दिवस तो त्या भिंतीशी जाऊन यायचा.

मग पाग्मेतली ती सभा.
आयालनेशनं विचारलं,
या पाच दिवसांत माझं कर्ज वाढतं का रे?
देस्सालेननं वही उलटीपालटी केली.
म्हणाला, रकाना नाही, पण व्याज दिवसावर चालतं.
ती म्हणाली, मग माझी भूक कुठल्या रकान्यात मांडतोस?
आधी सगळे हसले.
नंतर कुणी बोलेना.
कॉफीचा तिसरा पेला, आशीर्वादाचा,
सगळ्यांच्या हातात निवून गेला.
ठराव कुणी मांडला नाही.
मी फक्त पेन खाली ठेवलं.
तेव्हापासून पाच दिवस आमच्याकडे व्याज झोपतं.

यंदा शहरातून एक मुलगी आली, हातात टॅब,
चिखलानं भरलेले बूट दाराशी काढून बसली.
गरिबी कमी झाली का? पाच पर्याय.
बऱ्यापैकी, म्हटलं. खोटं नव्हतं.
अस्नाकेचच्या छपराला पत्रा आलाय,
देस्सालेनची धाकटी नर्सिंग शिकते.
पण तिच्या यादीत फक्त सभासद होते.

मेक्वानिन्त यादीत नाही.
तो दुसऱ्याचं रान वाट्यानं कसतो,
भाग विकत घ्यायला चार वर्षं म्हणतोय,
पुढच्या मेस्केरेमला.
मागे कुणीतरी म्हणालं, त्याला हप्त्यानं घेऊ या.
हात वर करा म्हणाले.
किल्ली गळ्यात असलेल्या बाईनं, म्हणजे मी,
हात मांडीवर ठेवला.
बुडवेल, असं वाटलं. त्यानं कधी काही बुडवलेलं नाही.
त्याला बुडवायला कुणी काही दिलेलंच नाही.

काल पट्टी घेऊन
वहीच्या समासात तेरावा रकाना आखला.
अरुंद झाला, शाईही थोडी फुटली.
बाहेर तो नीलगिरीखाली
जळणासाठी साली वेचत होता.
मी दारातून हाक मारली.
त्यानं सालींचा भारा घाईनं खाली ठेवला,
दोन्ही हात गाबीला पुसले,
आणि जवळ येऊन विचारलं,
माझ्याकडे किती निघतात?