पगार

वर्कशॉपचे हिशेब बघणारी इव्हेट मिस्किटा
कानावर पेन्सिल खोचून सांगते :
पगार आपला नव्हे, तांडेल. पोर्तुगीज गलबतातून उतरला.
मूळ लॅटिन. पाकारे. म्हणजे शांत करणे.
स्पॅनिशमध्ये पगारच, इटलीत पगारे,
फ्रेंचांनी मधला ग गिळला.
रुमानियात मात्र त्या धातूचा अर्थ अजून समेट,
पैशाचा संबंध नाही.

मी म्हटलं, दोन महिने झाले,
आमचा समेट कधी?
तिनं वही मिटली. खिडकीबाहेर माझगावच्या गोदीत
कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

घरी बायको भांडत नाही हल्ली.
डबा भरते, झाकण लावते.
त्या शांततेला कुठल्या भाषेत काय म्हणतात
इव्हेटला विचारायचं राहिलं.

आज एकोणीस तारखेला पाकीट आलं. निम्मंच.
सही घेताना ती हळूच म्हणाली,
अर्धी शांतता, तांडेल. बाकीची पुढच्या सोमवारी.

घोडपदेवपर्यंत चालत आलो, खिशावर हात ठेवून.
आज फुटपाथ बदलला नाही,
सरळ वाण्यासमोर उभा राहिलो. किती झाले?
त्यानं वही काढली, बोटाला थुंकी लावली,
मग पोराला हाक मारून
आधी दोन कटिंग सांगितले.