स्टॉल ब-४७

गोरेगावच्या हॉलमध्ये, तिसऱ्या दुपारी,
माझ्या खुर्चीसमोर थांबला एकजण,
गळ्यात कंपनीचं कार्ड.
मी पाठ केलेलं सुरू केलं :
संकल्पना, प्रेरणा, सुपाची वीण.
त्यानं खुर्चीच उलटी केली.
"हा स्क्रू का दिसतोय?
महिन्याला दोनशे निघतील?"

कॉलेजात कुणी उलटी केली नव्हती.
फक्त ओशिवऱ्याच्या जगेसर मिस्त्रींनी.
रंधा पुसत म्हणाले होते,
बसणारा खाली बघत नाही, पोरी,
उचलणारा बघतो.

कार्ड घेतलं. उत्तर नव्हतंच.

दिवे मालवताना
सफाईच्या घाडीबाई झाडू टेकवून
न विचारता बसल्या तिच्यावर,
"हुश्श" म्हणाल्या.
पाय अधांतरी.

मी वहीत लिहिलं :
उंची, दोन बोटं कमी.