अर्धा गुण

न्यूलिनच्या बंदरात मंगळवारी रात्री
बोटी एकमेकींना खांदा लावून झोपतात
आणि आम्ही चौघं पबमधल्या डुगडुगत्या टेबलाशी
सामान्यज्ञानात हरायला बसतो.
संघाचं नाव 'शेवटून दुसरे'.
नावाला आम्ही सहसा जागतो.

डेन्झिलने एकतीस वर्षं टपाल वाटलं,
त्यामुळे जगातल्या सगळ्या राजधान्या
आपल्याला ठाऊक आहेत असा त्याचा समज.
केरेन्सा शाळेत भूगोल शिकवते;
भूगोलाचा प्रश्न आला की सगळे तिच्याकडे वळतात
आणि तिची वाचा बसते.
मी पियानो जुळवून देतो. संगीताचा प्रश्न
नेमका नगाऱ्यावर निघतो.
मॉर्वेना मासे विकते. खारे शेंगदाणे खाते.
बोलत नाही फारसं.

कॅस्पियन हा समुद्र की सरोवर
यावरून मागच्या हिवाळ्यात दोन आठवडे अबोला होता.
नाईल लांब की ॲमेझॉन, ते तर अजून मिटलेलं नाही.
नदीचा उगम म्हणजे, केरेन्सा म्हणाली होती,
मोजणारा दमून थांबला ती जागा.
डेन्झिल म्हणाला, हे उत्तर लिहायला
कागदावर रकाना नाही.

तर त्या रात्री प्रश्न सतरावा.
पास्कोने दाढी खाजवली, कागद दिव्याखाली धरला:
ऑक्टोपसला हृदयं किती?

मी म्हटलं, एक. एकाचंच निभत नाही कुणाला.
डेन्झिल म्हणाला, आठ, हातागणिक एक.
केरेन्सा म्हणाली, दोन, कुठंतरी वाचलंय.
(कुठंतरी! साऱ्या भांडणांचं माहेर.)
मॉर्वेनाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
बोटांचं मीठ स्कर्टला पुसलं
आणि लिहिलं, तीन.

पास्कोच्या कागदावर होतं, एक.

मग जे व्हायचं ते झालं.
खिडकीजवळचा संघ उठून उभा राहिला,
कुणी छापील कागदाची शपथ घातली,
कुणी आजोबांच्या जाळ्याची.
या गलक्यात मॉर्वेना कोट न घेता बाहेर पडली.
रुसली, आम्हाला वाटलं.

ती परतली बादली घेऊन.

बर्फातला थंड, राखी गोळा
तिने काउंटरवर पालथा केला, सुरी मागितली,
लिंबं चिरायची मिळाली, तीच चालवली.
हे बघ, म्हणाली, या कल्ल्यापाशी एक.
त्या कल्ल्यापाशी दुसरं.
आणि हे मधलं, साऱ्या अंगाचं ओझं वाहणारं.
नखाएवढं होतं. भोवती निळसर पाणी.
कुणाचा तरी ग्लास अर्ध्यावरच राहिला.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही,
गुण मिळवायला मात्र लागतो,
आणि आरसा पास्कोकडे होता.
तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
छापलंय एक, तो म्हणाला. पण बादली आणलीस,
घे अर्धा गुण.

मॉर्वेनाने सुरी पुसली.
पोहायला लागला ना, ती म्हणाली,
की मधलं थांबतं त्याचं.
म्हणून जमेल तोवर तो तळाने चालतो.
हे कुणी विचारलं नव्हतं.

डेन्झिल खाकरला. हे तळता येईल का?
तळलं. लसूण, लोणी.
सगळ्यात जास्त पास्कोने खाल्लं.
पुढचा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचा होता,
डेन्झिलने छातीवर हात ठेवून सिडनी लिहिलं,
आणि कागद गेल्यावर केरेन्साला वाचा फुटली:
कॅनबेरा!

तरीही त्या अर्ध्या गुणाने
शेवटचे व्हायचे वाचलो.
शेवटून दुसरे, पास्कोने पुकारलं,
आणि आम्ही जिंकल्यासारखे ओरडलो.

घरी जाताना चढावर मॉर्वेना थांबली.
रिकामी बादली या हातातून त्या हातात घेतली.
देऊ का मी, डेन्झिलने विचारलं.
नको म्हणाली,
आणि पुन्हा चालायला लागली, सावकाश.