क्रमांक एकोणचाळीस

मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर
मी पट्टा चालू करायचे, आणि घड्याळ.
माझं काम एवढंच:
छातीत पहिली कळ येते तो सेकंद लिहून घेणं.

कॅप्सूलमध्ये काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.
जीवनसत्त्वासारखं काहीतरी, पण जीवनसत्त्व नव्हे.
सर म्हणायचे, इतवारीतला हमाल समज,
चरबीचं पोतं पाठीवर घेऊन पेशीच्या भट्टीशी नेऊन टाकतो.
किंवा मग नुसतं पीठ.
डब्या दोन्ही पांढऱ्या, झाकणं दोन्ही निळी.

डोमाजी निखारे, तांडापेठ. पूर्वी हातमाग.
पट्ट्यावर पाय असे टाकायचे
जणू खाली अजून मागाच्या पावड्या आहेत.
"दुखलं की लगेच सांगा."
"सांगतो ना बाई. तुमाले घाई हाय का?"
बायको बाहेर बाकड्यावर, मांडीवर त्यांची चप्पल.

पहिल्या दिवशी दोनशे सत्त्याऐंशी.
बारा आठवड्यांनी दोनशे ब्याण्णव.
दर खेपेला डबी रिकामी.
मी खूण केली: नियमित.

शेवटच्या दिवशी छातीवरच्या चकत्या काढताना
ते आढ्याकडे पाहत म्हणाले,
"अर्ध्या तिच्या हो."
कोणाच्या?
"अनुसयेच्या. जिना चढली का तिलेही दुखते.
तुमी तिले घेतलं नाई, पट्टी सरळ आली म्हणून.
सकायची मी खाल्ली, रातची तिनं.
फुटाणे असते त वाटले नसते का?
आता पाचपावलीचा पूल चढते एका दमात.
मधात एकडाव थांबते, पदर सारखा कराले."

मे महिन्यात लिफाफा उघडला.
एकोणचाळीसच्या डबीत हमालच होता.
अर्धा.
त्या पाच सेकंदांनी सगळ्यांची सरासरी खाली ओढली,
सरांनी भुवया उंचावल्या, पुढची ओळ वाचली.
विचलनाचा फॉर्म मी तीनदा भरायला घेतला.
कारण लिहायला त्यात दीड इंच जागा असते.

रविवारी पाचपावलीच्या पुलाच्या टोकाला उभी राहिले,
पर्समधल्या घड्याळावर अंगठा.
त्या आल्या. हातात भाजीची पिशवी, डोमाजी चार पावलं मागे.
निम्म्यावर थांबल्या.
पदर सारखा केला,
की दम घेतला,
लांबून मला कळलं नाही.