दहा तेत्रीची लिफ्ट

आमच्या इमारतीची लिफ्ट फुकट हलत नाही.
दहा तेत्रीचं नाणं टाका, मग ती कण्हते,
थोडा विचार करते,
मग नवव्या मजल्यावरून निघते.
हे अडीच महिन्यांच्या कुत्रीला कसं सांगायचं?

तिचं नाव तूता. म्हणजे तुती.
अंगणातल्या तुतीखाली सापडली लेवानला,
मुठीएवढी, काळी, जांभळ्या ओठांची.
आठवड्यात नातवाचं पोलंडचं काम पक्कं झालं.
जाताना म्हणाला, आजोबा, दोनच महिने.
दोनच महिने त्याची आईही म्हणाली होती,
इटलीला निघताना.
त्याला आता अकरा वर्षं होतील.

पहिल्या रात्री गालिच्यावर.
दुसऱ्या रात्री गालिचा गुंडाळून ठेवला,
तर गुंडाळीवर.
तिसऱ्या रात्री माझ्या डाव्या सपातेत,
इतकं नेमकं, की उजवी कोरडी ठणठणीत.

खालची लामारा वर आली नाकाला बाही लावून.
ओतार, काय शिजवतोयस?
मग तिनेच व्हिनेगर आणलं, मग बसली,
मग कॉफी झाली, मग रिकामा कप पालथा घालून
तिने माझं भविष्य बघितलं.
पाणी, म्हणाली. भरपूर पाणी.

वर्तमानपत्रं पसर म्हणाली. ती आहेत.
एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी,
अगदी शेवटच्या अंकापर्यंत.
छापखान्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे,
गठ्ठे माझ्या बाल्कनीत.
तूता हुंगते, गोल फिरते, अग्रलेख निवडते.
तिच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही.
पण परवा पुसायला वाकलो तर दिसलं:
तिसरा रकाना, सातवी ओळ, एक अक्षर उलटं.
इतकी वर्षं तिथेच होतं ते,
पाय वर करून.

जनावरांची डॉक्टर मारीख म्हणते,
नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही.
करताना पकडलीत तर चूक तिची.
नंतर दिसली तर चूक तुमची.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

माझ्या डॉक्टरनेही वही ठेवायला सांगितली आहे:
रात्री किती वेळा उठता, लिहून आणा.
या वयात दुसरं काय विचारणार.
वही एकच. डावा रकाना तिचा, उजवा माझा.
बारा दहा, ती.
बारा चाळीस, मी.
दोन पाच, मी.
दोन वीस, ती, दाराशी जाऊन.
दाराशी या शब्दाखाली
मी जुन्या पेन्सिलीने लाल रेघ मारली.

त्याच रात्री खिशात नाणं नव्हतं.
तिला कोटात घातलं, जिना धरला.
पाचव्या मजल्यावर छातीशी ऊबदार झालं.
चूक माझी.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या पेटीवर
मुरंब्याच्या बरणीचं झाकण, त्यात सात नाणी.
लामारा म्हणते, मी नाही.
चौथ्या मजल्यावरचा गुराम,
जो पार्किंगच्या भांडणापासून माझं तोंड बघत नाही,
त्याला विचारलं. तो म्हणाला, मी नाही.
म्हणाला, म्हणजे बोलला.

काल पहाटे ती रडली नाही, नुसती
दाराकडे बघत बसली, माझ्याकडे बघितलं,
पुन्हा दाराकडे.
नाणं टाकलं. लिफ्ट कण्हली, निघाली.
अंगणात बर्फाचा पातळ थर, तुतीला एक पान नाही.
तिने तीन चकरा मारल्या
आणि बुंध्याशी बसून केलं,
मन लावून, डोळे बारीक करून.
शाबास, मी कुजबुजलो.
शाबास, मोठ्याने म्हणालो.

मग वर बघितलं. नऊ मजले,
एकाही खिडकीत दिवा नाही.
मी झाडाच्या पलीकडे गेलो.

वर आल्यावर वही उघडली
आणि मधली रेघ ओलांडून लिहिलं:
तीन पन्नास. दोघं.